सायकलच्या मीटरला काय काय कळतं

दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की ते आधी माझ्या पाठीमागे बघायचं. मी स्टुलावर बसलेली, हात ग्रीसने काळे, मांडीवर चाक, आणि त्याची नजर मात्र आत कुठे पुरुषमाणूस दिसतो का ते शोधतेय. "मालक नायत काय?" असा प्रश्न ठरलेला. मी म्हणायची, "मालक कंपनीत गेलेत, सेकंड शिफ्ट. पण असते तरी तुम्हाला माझ्याकडेच पाठवलं असतं. त्यांना पंक्चर काढता येत नाही." हे अगदी खरं होतं. आमच्या यजमानांनी धाटावच्या कंपनीत जन्मभर पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळले, पण सायकलची ट्यूब हातात दिली की मेलेलं जनावर दिल्यासारखं तोंड करायचे. स्वभावाने देवमाणूस. बायकोने दुकान काढलं म्हणून लोक टोचून बोलले तेव्हा एकदाही मला ते घरी येऊन सांगितलं नाही. मला दुसऱ्यांकडूनच कळायचं.

मी मूळची पेणची. रामवाडीत, हायवेला लागून, आमच्या आबांचं सायकलचं दुकान होतं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. दोघींना दुकानाचा वास सहन व्हायचा नाही, मला मात्र त्या रबराच्या वासाशिवाय करमायचं नाही. आबांनी मला चाकाची आऊट काढायला शिकवलं. आऊट काढणं म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून-सैल करून सरळ करणं. "बाय, तार आवळताना राग बाजूला ठेव," आबा म्हणायचे. "रागाने आवळलेली तार रस्त्यात तुटते." लग्नाच्या वेळी दागिने किती घालायचे यावर घरात चर्चा चालली होती. आबांनी कुणाला न सांगता माझ्या ट्रंकेत पान्यांचा जुना संच कपड्यात गुंडाळून ठेवला. रोह्याला आल्यावर ट्रंक उघडली आणि मी रडले. सासूबाईंना वाटलं, माहेरची आठवण आली. तीही आलीच होती म्हणा.

तर रोह्यात, बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, नव्वदच्या दशकात माझं दुकान चांगलं नावारूपाला आलं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, नवीन सायकल जोडून देणं ही सगळी कामं व्हायची. पण आसपासच्या गावांतून लोक मुद्दाम यायचे ते मीटरसाठी. सायकलला मीटर लावून देणारं दुसरं कुणी नव्हतं. आबांकडे मुंबईहून माल यायचा, त्यातला थोडा ते एसटीने माझ्याकडे पाठवायचे.

ज्यांनी कधी सायकलचा मीटर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा तीन जातींचे मीटर मिळायचे. सगळ्यात जुना म्हणजे 'टकटक्या'. पुढच्या चाकाच्या आसाशी एक छोटी डबी, तारेला एक खिळा. चाकाचा फेरा झाला की खिळा डबीच्या दातऱ्याला टक करून मारणार आणि आतले आकडे सरकणार. किती अंतर झालं तेवढंच तो सांगायचा, आणि गावभर ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायचा. दुसरा काट्याचा, स्कूटरवर असतो तसा. तो दिसायला रुबाबदार, पण त्याची केबल आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजायची. आणि सायकल सावकाश चालली तर त्याचा काटा जागचा हलायचाच नाही, खाट सोडत नसलेल्या जावयासारखा. तिसरा डिजिटल. त्याला आमच्याकडे सरळ 'कम्प्युटर' म्हणायचे. "ताई, कम्प्युटर लावायचाय," असं कुणी गल्लीतून ओरडलं की नवखा माणूस चमकून बघायचा.

त्या कम्प्युटरात जादू काही नव्हती. चाकाच्या एका तारेला बोराएवढं लोहचुंबक, आणि चिमट्याला, म्हणजे ज्या दोन दांड्यांत पुढचं चाक बसतं त्याला, एक छोटी डबी. चुंबक डबीसमोरून गेलं की डबी वायरीतून वर कळवते, एक फेरा झाला. वरचा मीटर फेरे मोजतो आणि फेऱ्याच्या लांबीने गुणतो. ही लांबी मात्र आपणच त्याला आधी सांगावी लागते. सोबतच्या पुस्तिकेत परदेशी चाकांची मापं असायची, आपल्या काळ्या सायकलचं चाक त्यात कुठेच नाही. मग आमची रीत अशी की टायरवर खडूची रेघ, फरशीवर खडूची रेघ, आणि सायकल सरळ पुढे ढकलायची. टायरवरची रेघ पुन्हा खाली टेकली की तिथे दुसरी रेघ. मधलं अंतर शेजारच्या टेलरच्या टेपने मोजायचं. आणि हे करताना ज्याची सायकल त्याने सीटवर बसायचं. माणसाच्या वजनाने टायर दबतो आणि फेरा किंचित आखूड होतो. रिकामी सायकल मोजली तर मीटर मालकाला रोज थोडं थोडं जास्त सांगत राहतो. खुशमस्करी माणसं घरात असतात तेवढी पुरे, मीटर तरी सरळ असावा.

नवशिक्या गिऱ्हाइकाला मी एकच सांगायची, बटणं मोजू नका, आकडे बघा. आकडा मोठा आणि ठसठशीत असावा, चालत्या सायकलवरून वाकून वाचावा लागू नये. सेल आपल्या गावातल्या घड्याळवाल्याकडे मिळणारा असावा. वायर तुटली तर दुसरी लावता यावी. ज्या मीटरला दोनच बटणं तो स्वस्तही आणि चांगलाही. चार-पाच बटणांचा मीटर नेणारा पहिल्या आठवड्यात परत येतोच, "ताई, ह्यात आता चिनी अक्षरं दिसतायत." माझं ऐकणारे थोडे, न ऐकणारे जास्त, आणि दोघांवर दुकान चालायचं.

न ऐकणाऱ्यांत एक डोलवीचा होता. प्लान्टवर ठेकेदाराकडे कामाला, उमदा गडी. बहिणीकडे रोह्याला आला की माझ्याकडे चक्कर ठरलेली. मीटरमध्ये 'मॅक्स' म्हणून एक आकडा असतो. आपण जन्मात कधी सगळ्यात जोरात चाललो तो वेग मीटर लक्षात ठेवतो. या पठ्ठ्याला तो आकडा वाढवायचं वेड लागलं. एकदा कपाळाला पट्टी, कोपराला पट्टी असा उभा राहिला. उतारावर मीटरकडे बघत होता, रस्ता वळला, हा सरळ भाताच्या खाचरात. सायकलचा चिमटा वाकलेला. मी कपाळाला हात लावला, तर हा बटण दाबून आकडा दाखवतोय. "पण बघा तरी ताई, बेचाळीस!" मी म्हटलं, "आणि कपाळाला टाके किती?" त्यावर हसला. तो अजून दिवाळीला फोन करतो. अशी माणसं भेटली म्हणून हात काळे झाल्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पण आज मला जे सांगायचं आहे ते हिराजीभाऊ पाटलांचं.

हिराजीभाऊ मूळचे धरमतर खाडीकडचे, घरचं मिठागर. रोह्याला नोकरीला येऊन बरीच वर्षं झालेली. कंपनीत त्यांचं काम उंच टाक्यांवर चढून झडपा तपासायचं. गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी शिडीवरच छातीत कळ आली. वाचले, ही त्यांच्या बायकोची पुण्याई. पुढे कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की शिमग्याच्या आधी तपासतो. तोवर रोज सकाळी सपाट रस्त्याने सायकल चालवा, अंतर हळूहळू वाढवत न्या, आणि मीटर लावून मला आकडा दाखवा. छातीत बळ आलं असेल तर कामावर घेऊ, नाहीतर घरी बसावं लागेल. डॉक्टर स्वतः सायकलवाले, त्यांच्या सायकलचा मीटर माझ्याकडचाच.

दिवाळीनंतर नवरा-बायको दुकानात आली. बायको सुमनवहिनी, रोह्याच्या वरच्या अंगाच्या, डोंगराकडच्या गावातल्या. चटपटीत बाई. बोलण्याचं सगळं काम त्यांनी घेतलेलं, हिराजीभाऊ मागे उभे. नवीन सायकल घेतली, आता मीटर. वहिनींचं बोट सगळ्यात जास्त बटणांच्या मीटरवर.

"ह्यो द्या. डागदरला कसं सगळं कळाया पायजे."

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. मग काट्याचा मीटर काढून दाखवला. हिराजीभाऊंनी तो हातात घेतला आणि त्या दिवशीचा त्यांचा एकुलता एक प्रश्न विचारला.

"सावकाश चाललं तरी मोजंल ना?"

"हा नाही मोजणार नीट. दहाच्या खाली काटा झोपलेला असतो."

त्यांनी तो तिथल्या तिथे खाली ठेवला. डिजिटल सावकाश मोजतो का, हे दोनदा विचारून घेतलं आणि दोन बटणांचा, सगळ्यात स्वस्त मीटर पसंत केला. खोका उन्हाने फिका झालेला, तरी तक्रार नाही. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आजारी माणूस आहे, जपून चालवायचं मनात आहे, वर शहाणाही आहे. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं.

मग खडूच्या रेघा मारल्या आणि म्हटलं, "भाऊ, बसा सीटवर. मी सायकल धरते."

"मना पायात गोळा आलाय," हिराजीभाऊ म्हणाले.

"मग जरा थांबू."

"लवकर जात नाय तो गोळा."

तेवढ्यात आमचे यजमान नाइट शिफ्ट करून, झोप काढून, चहाच्या वासावर आतून बाहेर आले. दोघांची अंगकाठी सारखीच. मी त्यांना सीटवर बसवलं, एका हाताने सायकल धरली, दुसऱ्याने ढकलली. यजमान वरातीतल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. दुकानाच्या कामात त्यांनी दिलेला हा सर्वांत मोठा हातभार, आणि ते तो पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत असत.

पुढचे दोन-तीन महिने सुमनवहिनी बाजाराला आल्या की दुकानात डोकावायच्या. कधी वालाच्या शेंगा, कधी घरचे पावटे माझ्या स्टुलावर ठेवायच्या आणि आकडा सांगायच्या. आकडा वाढत होता. भाऊंच्या तोंडावर तेज आलंय, जेवण नीट जातंय, जिना चढताना थांबत नाहीत. मला त्या आकड्याचा असा अभिमान वाटायला लागला की जणू मीच सायकल चालवतेय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मीटर लावलेला माणूस बरा होतो.

संक्रांतीनंतर एकदा दुपारी, गल्ली सुस्तावलेली असताना, सुमनवहिनी आल्या. हातात सायकल धरून, चालत. डोळे सुजलेले. सायकल माझ्यापुढे उभी केली आणि विचारलं, "ताई, मीटर खोटं बोलतो काय गो?"

मी त्यांना पाणी दिलं, बसवलं. मग हळूहळू बाहेर आलं. गल्लीतल्या एकीने म्हटलं होतं की तुमच्या ह्यांना सायकलवर कधी कुणी बघितलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून वहिनींनी तेव्हा सोडून दिलं. पण आदल्या दिवशी दुपारी त्या पडवीत आल्या, तर सायकल उलटी उभी, चाक गरागरा फिरतंय, आणि भाऊ शेजारी उकिडवे बसलेले. विचारलं तर म्हणाले, तेल घालतोय.

"चाक फिरवून आकडा चढवितात, ताई. त्याबिगर काय? भ्यायलेत. सायकलवर बसाया छातीचा भरवसा नाय, आणि नोकरी तर पायजे." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "आता डागदर आकडा बघंल आणि पास करील. हे परत त्या टाकीवर चढतील. पास नाय झाले तर नोकरी जाईल, ती जाऊ दे. पण खोटे पास झाले तर माणूस जाईल गो माझा."

उलटी सायकल करून हाताने चाक फिरवलं तर मीटर खुशाल मोजतो, हे खरं आहे. त्याला रस्ता दिसत नाही, फेरे दिसतात. मी विचारलं, "कुठलं चाक फिरत होतं? पुढचं की मागचं?"

"आता मी काय चाक बघीत बसू?"

बरोबर होतं त्यांचं. मी सायकल जवळ ओढली आणि बटण दाबून मॅक्सचा आकडा काढला. मीटर लावल्या दिवसापासून हे चाक सगळ्यात जोरात कधी फिरलं, तो आकडा. सात.

मी पुन्हा दाबलं. सातच.

"वहिनी, हाताने चाक फिरवलं असतं ना, तर इथे तीस-चाळीस दिसले असते. हे चाक कधी कुणी फिरवलेलं नाही. रस्त्यावरच चाललंय."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण मला तो सातचा आकडा पचेना. सातच्या पुढे एकदाही न जाता इतकी सायकल कुणाला चालवता येईल? नवशिका तर तेवढ्या वेगात पडतोच. सायकलला तोल वेगाने येतो. मी खाली बसले आणि सायकल नीट बघायला लागले, आबा बघायचे तशी. नवीन टायरला रबराचे बारीक केस असतात. ते मधोमध झिजून गेले होते, म्हणजे टायर भरपूर चालला होता. पेडलच्या रबरावरची नक्षी मात्र करकरीत, एका चपलेचा डाग नाही. सीटचं प्लास्टिक तसंच, एक सुरकुती नाही. आणि चेन आतून तांबूस, वर ताजं तेल. सायकल हाताने ढकलली की चेन फिरत नाही, मागचं फ्रीव्हील नुसतं कट-कट करतं. न फिरणारी चेन आपल्या हवेत गंजणारच. म्हणून भाऊ खरोखरच तेल घालत होते. त्यासाठी पेडल मारतो तसं फिरवावं लागतं, आणि त्याने फिरतं ते मागचं चाक. मीटर तर पुढच्या चाकाला.

मी उठून उभी राहिले. "वहिनी, भाऊ इतके किलोमीटर गेलेत हे खरं आहे. पण सायकलवर बसून नाही. सायकल हातात धरून. चालत."

"चालत?" वहिनी सायकलकडे बघत राहिल्या. "मग बसत का नायत?"

"येत नसेल."

"येत नाय कशी? आमच्या बाबांनी इचारून पोरगी दिली!"

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना आईला ताप चढला. गावात डॉक्टर नाही. काकाला डॉक्टर आणायला पाठवलं. काका वाटेतल्या गावात एका सोयऱ्याकडे बसून राहिला, संध्याकाळी परत येऊन म्हणाला, गाडी मिळाली नाय. आई गेली. तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात एकच बसलं. मुलगी बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते जमीन विचारायचे नाहीत, नोकरी विचारायचे नाहीत. सायकल येते काय, एवढंच. गाडी नाय मिळाली, असं माझ्या मुलीच्या घरात कुणी म्हणता कामा नये.

"आणि हे व्हय म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "चांगले मान डोलावून व्हय म्हणाले. मी दाराआडून बघत होते ना."

खाडीकडच्या माणसाला सायकल येत नाही यात नवल काहीच नव्हतं. बांधावरून पायी चालायचं, पाण्यातून होडीने जायचं, सायकलला तिथे वाटच नव्हती तेव्हा. पण पोरगी मनात भरली आणि सासरा विचारतोय, मग कोण नाही म्हणेल? एकदा व्हय म्हटलं ते म्हटलं. इतकी वर्षं वेळ आली नाही, आणि आली ती अशी. बायको नवी कोरी सायकल घेऊन समोर उभी, डॉक्टर म्हणतोय चालवा. गल्लीच्या टोकापर्यंत हातात धरून न्यायची, वळण आलं की कुणी बघत नाही. नदीच्या कडेच्या रस्त्याने तिला धरून चालत राहायचं आणि तसंच चालत परत यायचं. थंडीत, धुक्यात, रोज.

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. मलाही हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "आज घरी जाऊन विचारा सरळ."

"नाय." पदर खोचून त्या उठल्या. "मी इचारायची नाय. त्यांनी इतकी वर्षं झाकलंय, मी एका दुपारी उघडं पाडू? पण ताई, डागदरला वाटणार हे सायकल मारतात. ही चालण्याची ताकद टाकीवर पुरंल काय? हे मला कोण सांगंल?"

मीटर सायकलचा होता, छातीचा नव्हता. वहिनी सायकल घेऊन गेल्या, आल्या तशाच चालत. माझा त्यानंतरचा महिना वाईट गेला. यजमान म्हणाले, मी डॉक्टरांच्या कानावर घालू का? मी नको म्हटलं. सांगितलं तर हिराजीभाऊंची मान खाली जाणार, आणि नाही सांगितलं आणि उद्या काही झालं तर मी सुमनवहिनींना तोंड कसं दाखवणार? आऊट काढायला घेतलेलं चाक दोनदा बिघडवलं मी त्या दिवसांत. राग नव्हता, भीती होती. भीतीनेही तार जास्तच आवळली जाते.

शिमगा जवळ आला. तपासणीच्या दिवशी सकाळी माझं लक्ष कामात नव्हतं. बाराच्या सुमारास दोघं गल्लीतून येताना दिसली. हिराजीभाऊंच्या हातात सायकल, वहिनी शेजारी. भाऊ दुकानाबाहेरच सायकल धरून उभे राहिले. वहिनी आत आल्या. चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

"सांगा की लवकर, वहिनी!"

"सांगते गो." त्या स्टुलावर टेकल्या. "डागदरनी मीटर हातात घेतला, आकडा बघितला आणि म्हणाले, वा पाटील! सायकल चांगली मारली तुम्ही. आणि पेन उचललं लिहाया. आता बोलू की नको, बोलू की नको. तर हेच म्हणाले, थांबा सायब, लिहू नका."

मी बाहेर बघितलं. हिराजीभाऊ ब्रेकच्या दांड्याशी काहीतरी चाळा करत होते.

"म्हणाले, मना सायकल नाय येत. कधीच नाय येत होती. मी तिला धरून चालत होतो. तुम्ही टाकीवर चढवाल आणि मी पडलो तर हिचं काय? म्हणून सांगतो. आणि माझ्याकडं बघितलं नाय. खाली बघत होते."

"मग डॉक्टर?"

"डागदर म्हणाले, पाटील, मला तुमचं काळीज चालतंय का ते बघायचंय, सायकल नाय. लई वेळ नळी लावून बसले. दवाखान्याचा जिना चढाया लावला, दोन डाव, तीन डाव. परत नळी. मग लिहिलं, काम द्या. पण आधी खालचं. वर चढायचं नंतर, परत बघूनशान. आणि रोजचं चालणं सोडायचं नाय."

मी एकदम उठले आणि ग्रीसच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. त्यांच्या इस्त्रीच्या साडीवर माझी बोटं उमटली, पण त्या रागावल्या नाहीत. मी बाहेर जाऊन हिराजीभाऊंना म्हटलं, "आता या संध्याकाळी मैदानावर, मी शिकवते सायकल. दोन दिवसांत येईल." ते लाजले. वहिनींकडे बघून म्हणाले, "हिला इचारा. हिच्या बाबाला कबूल केलं होतं मी."

त्यांचे सासरे वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण ते असं बोलले की जणू म्हातारा गल्लीच्या टोकाला उभा राहून हिशेब मागतोय.

मी कितीतरी मीटर लावून दिले. माणसं किती लांब गेली आणि किती जोरात गेली, ते सगळ्या मीटरांनी सांगितलं. आबांनी मला हे काम शिकवलं आणि यजमानांनी ते करू दिलं, म्हणून त्या दुपारी मी या नवरा-बायकोजवळ उभी होते. दुसरं काही नसतं मिळालं तरी चाललं असतं.

सुमनवहिनी नवऱ्याच्या शेजारी गेल्या, सायकलचं एक हँडल आपल्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "बाबांना सायकल नको होती हो. त्यांना माघारी येणारा माणूस पायजे होता. तुम्ही चालत गेला असता, उशिरा आला असता. पण डागदरला घेतल्याबिगर आला नसता."